घराचें गणित पाया खणण्यापूर्वीं

घर बांधणें हा मध्यम स्थितीच्या कुटुंबांत बहुधा जन्मांत एकदांच यावयाचा योग. फरशीच्या रंगाचा विचार आठ-आठ दिवस चालतो, दाराच्या कड्या चार दुकानें हिंडून निवडल्या जातात. परंतु पश्चिमेच्या भिंतीवर वैशाखांतील ऊन किती तास पडेल, हा प्रश्न राहावयास गेल्यावरच सुचतो. मग त्याचें उत्तर वातानुकूल यंत्राच्या दुकानांत शोधावें लागतें, व वीजबिलाच्या रूपानें तें दरमहा फेडावें लागतें.

हें गणित आधीं करून पाहण्याची सोय आतां झाली आहे. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोनें 2018 सालीं ‘इको निवास संहिता’ प्रसिद्ध केली, व तिच्या हिशेबाकरितां संगणकीय साधनहि तयार केलें. भिंत कशाची व किती जाड, खिडक्या कोणत्या दिशेस, छज्जा किती पुढें, एवढें भरलें कीं घरांत किती उष्णता शिरेल याचा अंक समोर येतो. थंड प्रदेश वगळतां हा अंक दर चौरस मीटरास 15 वॉटपेक्षां अधिक नसावा, असें त्या संहितेंत ठरविलें होतें. खिडक्यांविषयींचा नियम तर मुद्दाम पाहण्याजोगा. 600 चौरस फुटांच्या घरास मुंबईच्या दमट हवेंत बाहेर उघडणाऱ्या दारें-खिडक्यांची जागा निदान 100 चौरस फूट हवी. सोलापूरच्या कोरड्या उन्हांत 60 पुरे. मुंबईच्या नातलगाचा नकाशा सोलापुरांत जसाच्या तसा उतरवूं नये, हें जुन्या गवंड्यांसहि ठाऊक होतें. पण त्यांचें ऐकतो कोण?

एक गोष्ट मात्र पालकांनीं ध्यानांत ठेवावी. वरील 15 वॉटांच्या हिशेबांत छप्पर धरलेलें नाहीं. त्याच्या उष्णतावहनाची मर्यादा संहितेनें निराळी, 1.2 अशी सांगितली. आणि उघड्या काँक्रीटच्या स्लॅबचा अंक तीनाच्या वर जातो. म्हणून वरच्या मजल्यावर राहणारानें भिंतींचा अंक पाहून संतुष्ट होऊं नये. जुन्या घरांतहि गच्चीवर उष्णतारोधक थर घालावा, कीं आधीं पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा काढावा, हें एकेक आकडा बदलून ताडून पाहतां येतें. पैसा थोडा असेल त्यास तर ही तुलना अधिकच उपयोगी.

हें काम वास्तुशिल्पज्ञाचें, आपलें नव्हे, असें कोणी म्हणतील. आम्हांस तें पटत नाहीं. ती संहिता 500 चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील घरांकरितां होती. दोन गुंठ्यांवर बांधणाराची चौकशी तिनें केली नाहीं. त्यानें ती आपण होऊन करावयाची. शिवाय यंत्रास शेजारचा आंबा दिसत नाहीं, आणि नऊ इंची भिंत लिहून चार इंची बांधली तरी तें हूं कीं चूं करीत नाहीं. मापें खरीं देणारें माणूस घरचेंच हवें. आमच्या नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांस क्षेत्रफळ काढतां येतें, मोबाइल तर वडिलांपेक्षां अधिक चांगला येतो. ज्यांच्या घरीं बांधकामाची बोलणीं चालूं असतील त्यांनीं या सुटींत टेप व होकायंत्र घेऊन जागेवर जावें, दोन-तीन प्रकारच्या भिंती व खिडक्या घालून अंक काढावे, आणि तो कागद नकाशावर सही होण्यापूर्वीं वडिलांच्या हातीं द्यावा.