तलावाची पातळी आणि खुन्याचं गणित

पावसाळ्यात भोपाळच्या वर्तमानपत्रांत एक आकडा रोज छापून येतो, बड्या तलावाच्या पातळीचा. १६६६.८० फुटांवर तलाव भरतो, मग भदभदा धरणाचे दरवाजे उघडतात आणि अर्धं शहर ते पाहायला जातं. रहस्यकथांवर वाढलेल्या माझ्यासारख्याला या आकड्यात कादंबरी दिसते. मे महिन्यात पाणी मागे हटलेलं असताना कोणी तळाच्या भेगाळलेल्या मातीत काही पुरलं, तर जुलैत त्यावर पाणी चढणार आणि गुन्हेगार निर्धास्त होणार. पण पुढे २००९ सारखं वर्ष आलं तर? त्या उन्हाळ्यात तलाव इतका आटला की गाळ काढायला नागरिक श्रमदानाला उतरले होते. असा गुन्हा पावसाच्या तुटीमुळे उघडकीला येईल. हे कथानक पुण्याला नेऊन चालणार नाही.

रहस्यकथेत जागा अशी हवी. पहिल्या पानावर धुकं, दुसऱ्यावर पडका वाडा, आणि नंतर दोन्हींचा विसर, याला मी परिसर म्हणत नाही. गुन्हा कसा घडू शकला आणि कसा उलगडला, हे त्या भूमीवरच ठरलं पाहिजे.

खरे गुन्हेगार हे लेखकांच्या आधीपासून जाणतात. ठगांच्या टोळ्यांमध्ये खुनाची जागा हेरणारे वेगळे असत आणि खड्डे खणणारे वेगळे. ब्रिटिश अधिकारी विल्यम स्लीमन १८२२ ते १८२४ या काळात नरसिंहपूर जिल्ह्याचा कारभार पाहत होता. त्याच्या कचेरीपासून चारशे यार्डांवरच्या कंदेली गावात ठगांची टोळी राहत होती, आणि सागर-भोपाळ रस्त्यावरची एक राई ही देशातल्या सर्वांत मोठ्या खुनाच्या जागांपैकी एक होती. तेव्हा आपल्याला याचा पत्ताही नव्हता, असं त्यानेच पुढे लिहून ठेवलं. दमलेला वाटसरू सावली पाहून थांबतो. झाडी दाट असली की रस्त्यावरून काही दिसत नाही. मारेकऱ्यांनी प्रवाशाची सवय आणि जमीन दोन्ही वाचली होती.

जुन्या भोपाळात मात्र गुन्हेगाराची पंचाईत होते, ती पटियांमुळे. चौक, इब्राहिमपुरा, पीर गेट या भागांत दुकानांपुढे दगडी पटिये असत. काही अजून आहेत. दुकानं मिटली की त्यांवर बैठक जमते आणि ती मध्यरात्र उलटली तरी हलत नाही. ‘को खां, इतनी रात कूं किधर?’ या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय गल्लीतून पुढे जाता येत नाही. इथे तपास करणाऱ्याला साक्षीदार कमी पडणार नाहीत. पण कोणाची गोष्ट खरी आणि कोणाची रंगवलेली, हे ठरवताना त्याची दमछाक होईल. तेच नव्या भोपाळातल्या अरेरा कॉलनीत शेजारच्या बंगल्यात कोण राहतं हे ठाऊक नसतं. एकाच शहरात दोन वेगळ्या जातीच्या रहस्यकथा आहेत.

एका जागेबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. युनियन कार्बाइडचा गंजलेला कारखाना कोणीही भयाची सजावट म्हणून वापरू नये. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री तिथल्या वायुगळतीत मेलेल्यांची घरं त्याच्या भिंतीपलीकडे आहेत. त्यावर लिहायचं तर ती रात्रच कथेचा विषय असली पाहिजे.

बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि त्या वाचत मराठी माणसाला मुंबईच्या रात्री ओळखीच्या झाल्या. सत्यजित राय यांनी तर आपला गुप्तहेर फेलूदा थेट वेरूळच्या लेण्यांत आणला. बंगाली लेखकाला आपली लेणी दिसली. आपल्याला नर्मदेचे घाट, रातापानीचं जंगल, इंदूरचा राजवाडा का दिसू नये? भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर, जबलपूरला मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. दिवाळी अंकांच्या संपादकांनी यंदा रहस्यकथा मागवताना एक पत्र इकडेही धाडावं.