वीस रुपयांची बातमी

उसाची एफआरपी दिल्लीचें सरकार ठरवितें आणि तिची बातमी वर्तमानपत्रें देतात. आमच्या मंगळवार पेठेंत तालमीच्या कट्ट्यावर ती मोठ्यानें वाचली जाते. जुलै २०१८ मध्यें क्विंटलला २५५ रुपयांचे २७५ झाले, तेव्हां 'वीस रुपये वाढ' असाच मथळा झळकला.

पण शेतकरी बंधूंनो, २५५ रुपये होते ते साडेनऊ टक्के उताऱ्यास. २७५ ठरले ते दहा टक्क्यांस. दहा उताऱ्याच्या उसाला जुन्याच हिशेबानें २६८ रुपये ४० पैसे मिळालेच असते. खरी वाढ झाली ६ रुपये ६० पैसे! २०२२-२३ च्या हंगामास पुन्हां तेंच. उतारा दहाचा सव्वादहा धरला, भाव २९० चा ३०५ केला; पंधरांतले सव्वासात उताऱ्यानेंच गिळले. शिवाय तोडणी-वाहतूक त्यांतूनच कापली जाते, तें मथळ्यांत कोठें येतें?

सरकारनें भाव बांधूं नये, असें आम्ही म्हणत नाहीं. बांधलेला भाव नसला म्हणजे काय होतें, तें गुळाच्या सौद्यांत उभें राहिलेल्यास विचारावें. आमची तक्रार आहे ती अर्धा आंकडा छापणाऱ्यांची. फाळ शेवटणाऱ्या लोहाराची आणि औत भरणाऱ्या सुताराची उधारी उसाच्या बिलावरच फिटते. वीस रुपयांच्या भरंवशावर तेही थांबतात.

पुढला दर छापून येईल तेव्हां वाचणाऱ्यास आधीं विचारा, उतारा किती धरला आहे?