शूर्पणखेची चित्रकथा नाशिकने काढावी

नाशिकला आलेला भाविक काळाराम आणि सीता गुंफा उरकून तपोवनाकडे निघाला की त्याला एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले ते इथेच, आणि त्यावरूनच म्हणे गावाला हे नाव पडले. गोष्ट तिथेच संपते. नाक कापले जाण्याआधी ती कोण होती आणि नंतर तिने काय केले, हे सहसा कोणी सांगत नाही.

अशाच बदनाम बायकांना अमेरिकी कॉमिक्सने मध्यभागी आणून बसवले. ‘गॉथम सिटी सायरन्स’ ही मालिका 2009 मध्ये सुरू झाली आणि 2011 पर्यंत चालली. कॅटवूमन, पॉयझन आयव्ही आणि हार्ले क्विन या तिघी बॅटमॅनच्या गॉथम शहरात एका छताखाली राहतात. एक चोर, दुसरी झाडांसाठी माणसांच्या जिवावर उठणारी, तिसरी जोकरच्या प्रेमात वाहवलेली. त्यांचे एकमेकींवर प्रेम आहे, पण पुरता विश्वास नाही. ही कुरबुर हेच मालिकेचे खरे बळ. दुबळी बाजू आहे ती चित्रांची. ऐन हाणामारीतही तिघींची शरीरे पाहणाऱ्यासाठी मांडून ठेवल्यासारखी वाटतात. संवाद त्यांना माणूस म्हणून उभे करतात आणि चित्रे पुन्हा शोभेच्या बाहुल्या करून टाकतात.

ही मालिका सुरू करणाऱ्या लेखकाचे, पॉल डिनीचे, 1994 चे ‘मॅड लव्ह’ कितीतरी सरस आहे. त्याची चित्रे ब्रूस टिमची. हार्ले मुळात 1992 च्या बॅटमॅन कार्टून मालिकेतली जोकरची साथीदार. तिचा भूतकाळ या पुस्तकाने सांगितला. ती वेड्यांच्या इस्पितळातली डॉक्टर, आपल्याच रुग्णाच्या नादी लागलेली. जोकरला आयुष्यात जमले नाही ते ती एकटी करते: बॅटमॅनला पकडून उलटा टांगते. जोकर येतो, चिडतो आणि तिलाच खिडकीतून खाली ढकलतो. रस्त्यावर जखमी पडलेली हार्ले दोष देते तो स्वतःला. तिच्या गुन्ह्यांवर इथे पांघरूण घातलेले नाही, तरीही वाचकाचा जीव तिच्यासाठी तुटतो. प्रतिनायिका उभी राहते ती अशी. तिला स्वतःचे दुखणे हवे, स्वतःचा निर्णय हवा आणि त्या निर्णयाचा दोषही तिचाच हवा.

या कसोटीला शूर्पणखा पुरेपूर उतरते. वाल्मीकी रामायणाच्या उत्तरकांडात तिच्या नवऱ्याला, विद्युज्जिह्वाला, युद्धात रावणच मारतो. त्या विधवा बहिणीची समजूत काढून तो तिला खर या राक्षसाबरोबर दंडकारण्यात धाडतो. ज्या भावाने कुंकू पुसले त्याच्याकडेच पुढे तिला दाद मागावी लागते. यापेक्षा मोठे नाट्य कोणत्या कॉमिक्सला हवे? गदिमांनी ते नेमके हेरले होते. 1955 मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून सुरू झालेल्या गीतरामायणात छप्पन्न गाणी आहेत. त्यातली दोन शूर्पणखेची: एकात ती रामावर भाळते, दुसऱ्यात रावणाला सुडासाठी पेटवते.

अशा कथेने राक्षसिणीचे उदात्तीकरण होईल, हा आक्षेप ठरलेला. ते होता कामा नये, हे खरेच. शूर्पणखा सीतेला खायला धावली, हे वाल्मीकींनी लिहिले आहे आणि चित्रकथेतही ते हवेच. मात्र त्यासोबत तिची विटंबनाही त्याच गांभीर्याने यावी. ‘सीताज् रामायण’ या 2011 च्या इंग्रजी चित्रकथेने हा तोल साधला. संहिता अर्णीचे शब्द आणि बंगालच्या पटचित्रकार मोयना चित्रकर यांची चित्रे असलेल्या या पुस्तकात सूडातून सूड कसा वाढत जातो, हे सीतेच्याच नजरेतून दिसते. पुण्याच्या कविता काणे यांनी तर शूर्पणखेवर इंग्रजीत अख्खी कादंबरी लिहिली.

वेताळ आणि मांड्रेकची कॉमिक्स मराठीतून वाचत वाढलेल्या पिढ्या महाराष्ट्रात आहेत, म्हणजे चित्रकथेचा वाचक इथे नवा नाही. शूर्पणखेची जागा नाशिकमध्ये आहे, गोदाकाठ आणि तपोवन इथल्या चित्रकारांच्या रोजच्या पाहण्यातले आहे. नाशिकच्या लेखक-चित्रकारांनी हे पुस्तक हाती घ्यावे आणि मराठी प्रकाशकांनी त्यासाठी पैसा घालावा. शूर्पणखेचे चित्र काढताना मात्र ‘सायरन्स’ची चूक टाळावी आणि ‘मॅड लव्ह’चा धडा गिरवावा.