पत्रा घाटावर, पोरगा मुंबईत!

कोकणच्या विकासाचा विषय निघाला की ठरावीक शब्दांची जपमाळ ओढली जाते. आंबा, काजू, मासळी आणि पर्यटन! सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी जन्माला आला. नव्वदच्या दशकात त्याच्यावर ‘पर्यटन जिल्हा’ अशी मोहोर उमटली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि ९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपी विमानतळाचे उद्घाटन झाले. मार्ग झाले, ही आनंदाचीच गोष्ट. परंतु कोणताही मार्ग दोन्ही दिशांना जातो. त्याच मार्गाने पाहुणा चार दिवसांसाठी येतो आणि घरचा तरुण उभ्या आयुष्यासाठी निघून जातो. पाहुण्याला ताट वाढण्याचे काम हलके नाही. पण तेवढाच या भूमिपुत्राचा पुरुषार्थ आहे काय, हा प्रश्न आता विचारलाच पाहिजे.

प्रश्न मोठा आहे, परंतु त्याचे एक उत्तर आकाराने अगदी लहान आहे. एका खोलीत मावणारे, धातूचा पत्रा कापणारे लेझर यंत्र हे ते उत्तर होय.

वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या सुधारित जाती दिल्या आणि जिल्ह्यात काजूप्रक्रियेचे कारखाने उभे राहिले. पण प्रतवारीची चाळण झिजली, वाळवणीचे ट्रे नव्या मापाचे हवे झाले, कोकम सरबताच्या टाकीला झाकण बसवायचे ठरले किंवा होडीच्या इंजिनाला वेगळी पट्टी लागली, की लहान उद्योजकाची नजर घाटावरच्या कोल्हापूरकडे, बेळगावकडे नाही तर गोव्याकडे वळते. नग हवे असतात दहा. डाय बनवून प्रेसवर भाग काढायचे, तर डायचा खर्च हजारो नगांवर विभागला तरच परवडतो. मग उरतात छिन्नी, ग्राइंडर आणि अंदाज. त्यात मालाची सफाई जाते, माप चुकते आणि ‘कोकणात नीट काम होत नाही’ हा शिक्का बसतो तो बसतोच.

लेझर यंत्राला डाय लागत नाही. संगणकावर आकृती काढायची आणि यंत्राला द्यायची. ऑप्टिकल फायबरमधून आलेला किरण पत्र्यावरील सूक्ष्म बिंदूवर एकवटतो, तेथील धातू वितळतो आणि वायूचा झोत तो वितळलेला रस खाली उडवून लावतो. साध्या पोलादासाठी ऑक्सिजन, स्टेनलेस स्टीलची कड उजळ राहावी म्हणून नायट्रोजन. एक किलोवॅट शक्तीचे लहान यंत्रही साध्या पोलादाचा पाच-सहा मिलिमीटरचा आणि स्टेनलेसचा दोन-तीन मिलिमीटरचा पत्रा सहज कापते. पहिला नग चाळणीचा, दुसरा झाकणाचा, तिसरा पट्टीचा असला तरी बदलते ती केवळ आकृती. हजार नगांच्या मक्तेदारीला दहा नगांचा कारागीर प्रथमच समर्थपणे उत्तर देऊ शकतो, याचे मर्म येथे आहे.

हे ज्ञान परके आहे, असेही समजण्याचे कारण नाही. धातू कापण्याच्या उद्योगात ज्या कार्बन डायऑक्साइड लेझरने अनेक दशके राज्य केले, तो १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चंद्रकुमार नारणभाई पटेल यांनी शोधून काढला. या शास्त्रज्ञाचा जन्म १९३८ चा, बारामतीचा, आणि अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले! पुढे फायबर लेझर आला. त्याच्या किरणाची लांबी पूर्वीच्या किरणाच्या सुमारे एक दशांश. धातू तो अधिक चांगला शोषून घेतो, वीज कमी लागते आणि यंत्राचा आकारही आटोपशीर होतो. ज्या मातीतला तरुण जगाला लेझर देऊ शकतो, त्या मातीतल्या तरुणाला तो चालवता येणार नाही, असे मानणे हा निव्वळ न्यूनगंड आहे.

‘यंत्र आले की लोहार मेला’ हा आक्षेप काही मंडळी स्वदेशीचे नाव घेऊन करतात. वस्तुस्थिती काय आहे? लेझर सपाट पत्रा कापतो. तो वाकवणे, जोडणे, घासणे, बसवणे ही कामे हातालाच करावी लागतात. कोयत्याला पाणी देणे लेझरला कधी जमणार नाही. गावच्या भात्याची आग विझली, ती दुरून आलेल्या तयार मालाच्या राशीखाली. लोहाराला त्या स्पर्धेत जुन्या हत्यारांनिशी उभे करून त्याच्या परंपरेचे गोडवे गाणे, हे स्वदेशीचे विडंबन होय.

स्वदेशीचा खरा आग्रह वेगळ्या ठिकाणी धरला पाहिजे. बाजारातील स्वस्त लहान यंत्रांत किरण निर्माण करणारा मुख्य भाग बहुधा चिनी असतो. तो मोहोरबंद पेटीसारखा येतो. बिघडला की गावात कोणी उघडू शकत नाही. वरचा सांगाडा येथे जोडला आणि त्यावर देशी नाव रंगवले, म्हणजे यंत्र स्वदेशी होत नाही. आपल्या देशात इंदूरला १९८४ पासून लेझर संशोधनाचे केंद्र आहे, गुजरातेत यंत्रे बनवणारे उद्योजक आहेत. खरेदी करणाऱ्याने सुटे भाग, दुरुस्तीचे शिक्षण आणि मराठीतील माहितीपुस्तिका यांचा करार लेखी मागावा. केवळ किमतीकडे पाहणारा ग्राहक स्वतःच परावलंबनाचा हप्ता भरत असतो.

मालवणच्या किनाऱ्यावर तर सावधानता दुप्पट हवी. पावसाळ्यातील दमट हवेत थंड भागांवर दव धरते आणि लेझरचा स्रोत त्याने निकामी होऊ शकतो. त्यासाठी कोरडी, बंदिस्त खोली आणि स्थिर वीज पाहिजे. शिवाय हा किरण डोळ्यांना दिसत नाही, पण दृष्टी कायमची घालवू शकतो. म्हणून कवच नसलेले यंत्र कितीही स्वस्त मिळाले तरी दारात उभे करू नये. खारा वारा धातूची परीक्षा घेतो. २६ ऑगस्ट २०२४ रोजी राजकोट किल्ल्यावरील पुतळा कोसळला, तेव्हा प्रत्येक शिवभक्ताच्या काळजाला घर पडले. त्या दुर्घटनेच्या चर्चेत गंजलेल्या नट-बोल्टांचाही प्रश्न होता. ३०४ जातीच्या स्टेनलेसपेक्षा मॉलिब्डेनम असलेले ३१६ जातीचे स्टेनलेस समुद्राच्या क्षारांपुढे अधिक टिकते, हे समजणारे आणि प्रत्यक्ष वापरणारे हात याच किनाऱ्यावर तयार झाले पाहिजेत.

ते तयार कसे होणार? १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या ‘पीएम विश्वकर्मा’ योजनेने लोहार, होडी बांधणारा, हत्यारे घडवणारा अशा अठरा व्यवसायांना मान्यता दिली, १५ हजार रुपयांपर्यंत अवजारांचे साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंतचे कर्ज देऊ केले. ही सुरुवात स्वागतार्ह आहे. परंतु पेटीभर अवजारांनी लोहाराचा सन्मान होतो, बाजारपेठ त्याच्या हाती येत नाही. एकट्याने लेझर यंत्र घेणे त्याच्या आवाक्याबाहेरचे. दहा जणांनी मिळून चालवणे मात्र शक्य आहे. सामायिक सुविधा केंद्रांना साहाय्य देण्याची तरतूद सरकारी समूह विकास योजनेत आहेच. फेब्रुवारी २०२२ मध्ये सिंधुदुर्गासाठी २०० कोटी रुपयांच्या तंत्रज्ञान केंद्राची घोषणा झाली. अशा केंद्राचे यश इमारतीच्या काचांवरून मोजायचे नसते. काजू कारखानदार सकाळी कागदावर आकृती घेऊन आला आणि संध्याकाळी दहा नग घेऊन गेला काय, हीच त्याची कसोटी.

म्हणून कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत असे सामायिक यंत्र उभे राहावे, मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनातील विद्यार्थ्याने तेथे आकृती काढावी आणि शेजारी अनुभवी लोहाराने पत्र्याची चाल त्याला शिकवावी. विश्वकर्मा जयंती राष्ट्रीय श्रमदिन म्हणून साजरी करणाऱ्या कार्यकर्त्यांनी हारतुऱ्यांबरोबर दहा कारागिरांची एक सहकारी संस्था नोंदवण्याचे काम अंगावर घ्यावे. सरकारने सर्व द्यावे, ही याचकवृत्ती येथे कामाची नाही.

इतिहासाने हा धडा एकदा दिला आहे. १६५९ च्या सुमारास कल्याण-भिवंडीकडे स्वराज्याची जहाजे बांधणारे पोर्तुगीज कारागीर काम अर्धवट टाकून निघून गेले. छत्रपतींनी आरमाराचा संकल्प सोडला नाही; जहाजे येथल्याच हातांनी बांधून घेतली. १६६४ मध्ये कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली आणि अवघ्या तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. पायाच्या चिऱ्यांत शिसे ओतल्याचे परंपरा सांगते. उसने हात निघून जातात, शिकलेले हात राहतात. त्या किल्ल्याचे छायाचित्र पाहुण्यांना दाखवून पोट भरायचे, की तो बांधणाऱ्यांची विद्या नव्या हत्यारानिशी पुन्हा आत्मसात करायची, याचा निर्णय सिंधुदुर्गानेच करायचा आहे.