अपुरं कुणाचं?



गेल्या महिन्यात आमच्या सल्ला केंद्रात आलेल्या एका बाईच्या पिशवीत दोन कागद होते. पहिला बँकेचा. नवऱ्याने दिलेला अंतरिम पोटगीचा चेक न वटता परत आला होता. कारण, 'फंड्स इनसफिशियंट'. दुसरा, नवऱ्याच्या वकिलाने कोर्टात दिलेला जबाब. हिने घर सोडलं त्याचं कारणही 'इनसफिशियंट'!

"ताई, म्हणजे काय हो?"

"अपुरं."

"चेकचं कळलं. पण आणखी किती मार खाल्ला असता म्हणजे पुरला असता?"

मला उत्तर देता आलं नाही. एम.एस.डब्ल्यू. करताना केस लिहिताना मीही हा शब्द सहज वापरत असे. 'मुलांकडे आईचं लक्ष अपुरं.' कशाच्या मानाने अपुरं, हे मला कुणी विचारलं नाही, मीही स्वतःला विचारलं नाही.

खरं तर मापाशिवाय या शब्दाला अर्थच नाही. बँकेकडे माप आहे: चेक कितीचा, खात्यात किती. कायद्यात मात्र गोंधळ आहे. पोटगीचं जुनं कलम 125 आणि 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी आलेलं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144, दोन्हींत 'पुरेसं' येतं. नवऱ्याकडे पुरेसं साधन हवं. आणि पुरेशा कारणाशिवाय नांदायला नकार दिला तर बायकोला पोटगी नाही. त्याने दुसरं लग्न केलं किंवा दुसरी बाई ठेवली, तर तिचा नकार रास्त, एवढं कायदा सांगतो. बाकीचं कोर्टाला काय वाटेल त्यावर.

त्याच्या साधनाचं माप मिळवायलाही किती वर्षं गेली! शहाबानोला 1979 मध्ये दरमहा 25 रुपये मंजूर झाले. 1980 मध्ये हायकोर्टाने ते 179 रुपये 20 पैसे केले. पोटगीवरची 500 रुपयांची मर्यादा केंद्रीय कायद्यातून 2001 मध्ये गेली. दोघांनीही मिळकतीचं प्रतिज्ञापत्र द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलं.

तिच्या कारणाचं माप 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात सापडतं. शरीरावरचा मार तर हिंसाच, पण शिवीगाळ, मानसिक छळ, लैंगिक अत्याचार, पैशाची कोंडी हीसुद्धा हिंसाच. म्हणून अर्ज लिहिताना 'त्रास दिला' एवढ्यावर थांबू नका. कधी, कुठे, काय घडलं, घरखर्च किती महिने बंद होता, सगळं लिहा. मोघम अर्जाला अपुरं म्हणणं सोपं जातं.

वाटीभर डाळ सहा जणांना पुरवण्यात बायकांचा जन्म जातो. पुरवायचं कसं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. कधी 'पुरे' म्हणायचं, हेही तिचं तिलाच ठरवू द्या.