भाड्याच्या उत्पन्नावर उभे राहिलेले नगर

बोस्नियाची राजधानी सारायेव्हो येथे ‘बेझिस्तान’ नावाची छप्परबंद दगडी पेठ आहे. सोळाव्या शतकातील या पेठेत व्यापारी आजही दुकाने उघडतात. ती बांधविणारा गाझी हुस्रेव बेग हा ऑटोमन साम्राज्याचा प्रांताधिकारी होता.

सुलतान दुसरा बायेझिद याचा हा दौहित्र. १५२१ मध्ये बोस्नियाचा कारभार त्याच्याकडे आला आणि मधले थोडे खंड वगळता १५४१ मधील मृत्यूपर्यंत तो त्याच्याकडेच राहिला. पेशाने तो सेनानी होता. १५२८ मध्ये यायत्सेचा बळकट किल्ला त्याने घेतला. त्याच्या स्वाऱ्यांची झळ सीमेवरील प्रजेने सोसली, हेही विसरता येत नाही.

सारायेव्होचा पाया इसा बेगाने पूर्वीच घातला होता. त्याला नगराचे रूप दिले हुस्रेव बेगाने. मशीद, विद्यालय, अन्नछत्र, प्रवाशांसाठी धर्मशाळा आणि सार्वजनिक स्नानगृह त्याने उभारले. परंतु वास्तू उभारणे सोपे, त्या चालविणे कठीण, हे त्याने ओळखले होते. म्हणून १५३१ व १५३७ मधील दानपत्रांनी त्याने आपली संपत्ती ‘वक्फ’ म्हणजे कायमचा विश्वस्त निधी केली. दुकानांचे व सरायांचे भाडे या संस्थांकडे वळविले. बाजार चालला की अन्नछत्राची चूल पेटे आणि शिक्षकांचे वेतन निघे. व्यापार व परोपकार यांचे हिशेब असे एकमेकांत गुंफले गेले.

आईच्या स्मरणार्थ उभारलेल्या विद्यालयाच्या दानपत्रातील एक अट विशेष लक्षणीय आहे. बांधकामातून जे धन उरेल, त्यातून उत्तम ग्रंथ विकत घ्यावेत, असे त्याने लिहून ठेवले. त्या शिलकीतून आरंभ झालेल्या ग्रंथालयात पुढे सहस्रावधी हस्तलिखिते जमली. १९९२ ते १९९५ या काळात सारायेव्होला वेढा पडला, तेव्हा ग्रंथालयाच्या सेवकांनी जीव धोक्यात घालून हा ठेवा एका जागेहून दुसऱ्या जागी हलविला व वाचविला. २०१४ मध्ये ग्रंथालयाला नवी वास्तू लाभली.

हुस्रेव बेगाने तलवारीने मिळविलेली सत्ता आज उरलेली नाही. विद्यालय मात्र चालू आहे. आपल्या पश्चात खर्च कोठून भागेल, याची तजवीज करूनच त्याने दान दिले होते. ते दान टिकले, याचे कारण हेच.