फ्लॅट की शेअर: हिशेब दोन्हीकडचा हवा



‘नवख्याने शेअरच्या नादी लागू नये, फ्लॅट घ्यावा’ हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा सल्ला अर्धाच हिशेब मांडतो.

पुण्यात ६० लाखांचा फ्लॅट घेणाऱ्या पुरुषाला ७ टक्के मुद्रांक शुल्काचे ४ लाख २० हजार आणि नोंदणीचे ३० हजार आधीच मोजावे लागतात. समजा, महिना १८ हजार भाडे आले, तरी वर्षाचा परतावा ३.६ टक्के. त्यातून सोसायटीचा मेन्टेनन्स, मिळकतकर आणि भाडेकरूविना रिकामे जाणारे महिने वजा करायचे. शिवाय मुलीच्या फीसाठी दोन लाख हवे असतील, तर फ्लॅटची एक खोली विकता येत नाही.

पत्रलेखकाची भीती मात्र निराधार नाही. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांवर गेलेला सेन्सेक्स त्याच ऑक्टोबरात ९ हजारांखाली घसरला होता. तेव्हा घाबरून विकणाऱ्यांचे नुकसान कायमचे झाले. थांबलेल्यांना जुनी पातळी दिसायला नोव्हेंबर २०१० उजाडावे लागले.

राहण्यासाठी घर हा प्रश्न वेगळा. गुंतवणूक म्हणून जागाच हवी असेल, तर शेअर बाजारात २०१९ पासून ‘रीट’ची (रिअल इस्टेट इन्व्हेस्टमेंट ट्रस्टची) युनिट्स मिळतात. ऐरोलीतल्या ऑफिस संकुलांच्या भाड्यातला वाटा त्यातून काहीशे रुपयांत घेता येतो. पत्रात त्यांचा उल्लेखही नाही.

– एक वाचक, पुणे